पाटाला तळ दिसू लागला

सान फर्मीन,
११ जानेवारी १९९८

चि. नूबेस,
आबदोनमामाचे अनेक आशीर्वाद.

शंखाचा तो आवाज कानावर पडून पन्नासहून जास्त वर्षं लोटली, पण परवा पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या मला तो पुन्हा ऐकू आला. तुझे आजोबा पाटकरी होते. पाणीपाळी सुटली की वरच्या दरडीवर उभे राहून शंख फुंकायचे. आधी तो घशात बेडकी अडकल्यासारखा खरखरायचा, मग मोकळा व्हायचा आणि सगळी दरी भरून टाकायचा. आम्ही शाळेत पद्य घोकत असायचो. शंख वाजला की ओळ अर्धीच राहायची. मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "पळा. आधी पाणी, मग पद्य." तुझ्या आईला कोणी शाळेत घातलंच नाही, पण मेंढ्या डोंगरावर टाकून ती माझ्याआधी पाटावर पोचलेली असायची. पाण्याखाली गोटे दिसायचे, पांढरे, पिवळे. तुझी आई डेल्फिना त्यांना नावं द्यायची.

मग जीनच्या विजारींचा धंदा आला, त्या रंगवायच्या-धुवायच्या लाँड्र्या आल्या. तू लहान होतीस तेव्हापासून पाट कसा, तर ज्या रंगाची जीन त्या रंगाचा. सोमवारी निळा, मंगळवारी काळा, सणासुदीला कोणी लाल विजार मागवली तर लाल. माझ्याच पोराच्या, क्लेबेरच्या लाँड्रीतून येतो म्हणून मी तोंड शिवून बसलो. शिंपीच मी, शिवण्याची सवय.

आता ऐक. पाटाला तळ दिसू लागला आहे.

ऑगस्टात तू दोन टाक्या बांधून घेतल्यास, त्यात शेण आणि पाटाच्या बुडचा चिखल कालवलास, वर काकवी ओतलीस, तेव्हा गाव काय हसलं होतं. "क्लेबेरच्या आतेबहिणीने मैल्यावर मैला घालून मैला धुवायचा शोध लावलाय." ते हसू आता कुठे गेलं म्हणावं? झाकणबंद टाकीतली तुझी ती डोळ्यांना न दिसणारी गुरं रंग चरून फस्त करताहेत. मी रोज सकाळी त्यांना काकवी घालतो. बोलतोही थोडं, हसू नकोस. काल लोक पाटाच्या काठावर नुसते उभे राहून पाणी बघत होते, जसं बाळंतिणीच्या खोलीत बाळ बघतात.

यंदा डोंगरात पावसाचा टिपूस नाही. झरे आटलेत. पाटात वाहतं ते जवळजवळ सगळं लाँड्रीतूनच आलेलं. म्हणून आनंद दुप्पट.

बसच्या रिगोबेर्तोबरोबर हे पत्र आणि बाटली पाठवतो आहे. बाटली उजेडात धरून बघ.

तुझा मामा,
आबदोन


ग्वायाकिल,
१९ जानेवारी १९९८

ती. आबदोनमामांस,
सा. न.

बाटली पोचली. रिगोबेर्तोने ती मांडीवर घेऊन आणली म्हणे, कारण टपावरच्या कोंबड्या वाहून गेल्या. तुमच्याकडे टिपूस नाही आणि इथे आकाशाला भोक पडलंय. सगळे म्हणतात समुद्र तापलाय, त्याचा हा प्रताप. प्रयोगशाळेत घोट्याएवढं पाणी आहे, आम्ही स्टुलांवर पाय घेऊन काम करतो.

रंग मोजला. मामा, रंग नाहीच. यंत्राने नळाच्या पाण्याला आणि तुमच्या बाटलीला जवळजवळ एकच आकडा दिला. सरांनी तीनदा मोजायला लावलं आणि मग माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा पडला. प्रबंध आता लिहूनच काढते.

एकच आठवण. पहिल्या, झाकणाच्या टाकीतल्या गुरांना हवा चालत नाही. ती रंग तोडतात. तोडलेले तुकडे दुसऱ्या, उघड्या टाकीतली गुरं खातात आणि त्यांना मात्र हवा लागते, म्हणून तो पंप. दोन्ही गोठ्यांकडे लक्ष असू द्या.

आईला हे पत्र वाचून दाखवा. हो, माहीत आहे, तिच्या पीचच्या बागेत निळं पाणी शिरून झाडं वाळली तेव्हापासून ती तुमचा उंबरा चढत नाही. मग कुंपणावरून ओरडून वाचा. तिला दुसरं कोण वाचून दाखवणार?

तुमची,
नूबे


सान फर्मीन,
२८ जानेवारी १९९८

चि. नूबेस,
अ. आ.

तुझं पत्र पाणीसमितीच्या बैठकीत मोठ्याने वाचलं. "रंग नाहीच" या वाक्याला टाळ्या पडल्या. समितीच्या अध्यक्ष सोईलाबाई उठून म्हणाल्या, "क्लेबेर, इतकी वर्षं तुला घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेते." क्लेबेर म्हणाला, "उरलेल्या निम्म्या?" त्या म्हणाल्या, "त्या असू देत. लागतील."

पोराचा चेहरा असा खुललेला मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

आणि ठरलं असं की यंदाचा कार्निव्हल पुन्हा पाटावर. आमच्या लहानपणी सोमवारी सगळं गाव पाटात उतरायचं. तोंडाला पीठ, हातात बादल्या, जो सापडेल त्याला पाण्यात. रंग आला तेव्हापासून ते बंद पडलं होतं. सोईलाबाईंना एकच शंका. "नितळ आहे हे दिसतंय, पण चांगलं आहे कशावरून?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय करणार? शाळेत पाठ केलेल्या ओळी आपोआप ओठांवर आल्या:

सरळ माणूस, निर्मळ पाणी,
तळ दिसे त्याची भीती न मनी.

म्हातारे-म्हाताऱ्या माझ्याबरोबर दुसरी ओळ म्हणायला लागले, प्रार्थना म्हणताना डोलावं तसे डोलत. मग मी पाटावर गेलो, ग्लास भरला आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकला. जरा वास आहे. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवतात ना, तसा अगदी पुसट. चव अशी काही नाही.

तू पंपाचं विचारलं आहेस. तो नाताळपासून बंद आहे. नाताळच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत पाद्रीबाबांचा शब्द ऐकू येईना, इतका तो घरघरायचा, म्हणून क्लेबेरने थांबवला. बंद केल्यावरही पाणी तितकंच नितळ. मग क्लेबेर म्हणाला, पहिलीच टाकी सगळं काम करत असेल तर दुसरीचा ताप कशाला? मलाही ते पटलं.

तुझ्या आईला कुंपणावरून पत्र वाचून दाखवलं. ती पाठ करून कांद्याला माती लावत होती. पण "रंग नाहीच" म्हटल्यावर खुरपं थांबलं. मी पाहिलं.

तुझा,
आबदोनमामा


ग्वायाकिल,
३ फेब्रुवारी १९९८

ती. मामांस,

तो ग्लास केवढा होता?

तुमचं पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

रंग ही एक साखळी समजा. पहिल्या टाकीत ती तुटते. साखळी तुटली की रंग जातो. पण कड्या पाण्यातच राहतात, मामा. त्या कड्यांना रंग नसतो. दुसऱ्या टाकीतली गुरं त्या खाऊन संपवतात, म्हणून दुसरी टाकी. हवा बंद झाली की ती गुरं गुदमरून मरतात आणि कड्या तशाच पाटात उतरतात. निळ्या नाहीत, काळ्या नाहीत. दिसतच नाहीत. आणि क्लेबेर रंगीत विजारींना जे स्वस्तातले रंग वापरतो त्यांच्या काही कड्या अख्ख्या साखळीपेक्षा वाईट असतात. आज पिऊन उद्या काही होत नाही. पोट दुखत नाही, ताप येत नाही. वर्षं जातात आणि मग एके दिवशी लघवीतून रक्त येतं. रंगाच्या कारखान्यांतून असे कामगार मेलेत, पुस्तकांत त्यांची चित्रं आहेत.

मी बाटलीतला फक्त रंग मोजला. कड्या मोजल्याच नाहीत. मला वाटलं पंप चालू आहे. मला वाटलं, एवढंच मी म्हणू शकते.

पंप आजच्या आज सुरू करा. दुसऱ्या टाकीत लाँड्रीमागच्या ओढ्याचा ताजा चिखल घाला. पाणी कोणी पिऊ नका, घरच्या कुईंच्या, त्या गिनीपिगांच्या गवतालाही घालू नका. आणि मामा, गावात अजून बोलू नका. वरच्या कचेरीत कळलं तर लाँड्रीला टाळं लागेल. माझा प्रबंधही त्याच दिवशी संपेल, हे लिहायची लाज वाटते, पण तेही मनात आहे. आधी नीट मोजते. कदाचित मी उगीच घाबरतेय.

दुसरी बाटली पाठवा. टाकीच्या तोंडाची नको, आईच्या शेताजवळची भरा.

नूबे


सान फर्मीन,
९ फेब्रुवारी १९९८

चि. नूबेस,
आशीर्वाद.

बाटली पाठवली आहे. रस्ता तुटल्यामुळे रिगोबेर्तो म्हणतो दोन ठिकाणी होडीने जावं लागतं. त्याला सांगितलं, प्यायचं नाही. तो म्हणाला, "काका, होडीत बसल्यावर मला पाणी बघवतसुद्धा नाही, पिणं राहू दे."

ग्लास लहान होता. काळजी करू नकोस.

क्लेबेरशी बोललो. जेवताना काढला विषय, कारण जेवताना तो उठून जात नाही. म्हटलं, "पंप लाव."

"कोणता पंप?"

"टाकीचा."

"त्याची मोटर काढली. जीनवर वाळूचा फवारा मारायचं नवीन यंत्र घेतलं ना, त्याला लावली." भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "नूबेने काही लिहिलंय का?"

मी म्हटलं, "नाही, सहज."

"बाबा, तुम्हाला सहज काही सुचत नाही. सहज सुचायचं ते पद्य."

मग मी त्याला अर्धंच सांगितलं. कड्या बोललो, रक्त नाही बोललो. त्याने ताट बाजूला सारलं. त्याची बायको आमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाला, "कार्निव्हल झाला की मोटर आणतो. दुसरी विकतच घेतो. आत्ता यंत्र थांबवलं तर मोठी मागणी हातची जाईल. आणि बाबा, लोक इतकी वर्षं मला बघून थुंकायचे. आता हात मिळवतात. एवढा एक सण मला माणसासारखा जगू द्या."

मी ताट उचललं आणि बाहेर आलो.

एक गोष्ट मुद्दाम बघितली. पाटावर डास नाहीत. पाण्यावर ते लांब पायांचे किडे धावतात ना, तेही नाहीत. निळं पाणी होतं तेव्हा मी कधी लक्ष दिलं नव्हतं, त्यामुळे तेव्हा होते की नव्हते ते सांगता येत नाही. नितळ पाण्यात आरशासारखं आभाळ दिसतं, तुंगुरावा ज्वालामुखीचं पांढरं टोक दिसतं. बघत उभं राहिलं की वाटतं, एवढ्या सुंदर गोष्टीत वाईट काय असणार. मग तुझं पत्र आठवतं आणि मी काठावरून मागे सरतो.

तू नीट मोज. तू म्हणालीस ना, कदाचित उगीच घाबरत असशील.

आबदोनमामा


ग्वायाकिल,
१४ फेब्रुवारी १९९८

ती. मामा,

उगीच नव्हतं.

कड्या मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, नमुना राजधानीला पाठवायचा तर विमानं बंद आहेत. म्हणून इथलं सोपं केलं. किनाऱ्यावर कोळंबीची तळी आहेत, तिथून पिल्लं आणली. एका भांड्यात क्लेबेरचं जुनं निळं पाणी घातलं, माझ्याकडे ऑगस्टचं होतं. दुसऱ्यात तुमची आईच्या शेताजवळची बाटली. दोन्हींत सारखं मीठ. निळ्या भांड्यात सकाळी बहुतेक पिल्लं पोहत होती. नितळ भांड्यात सगळी तळाला. पाणी इतकं स्वच्छ की प्रत्येक मेलेलं पिल्लू सुटं दिसत होतं.

सर म्हणाले, "लगेच कळवा." मी हो म्हटलं.

लाँड्रीत फोन केला. तो एकच फोन आहे गावात आणि तो क्लेबेरनेच उचलला. "सगळं छान, बाई. कार्निव्हलला तुझी उणीव भासेल. बाबा मजेत." मी पंप म्हटलं, तो म्हणाला आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता.

मी निघाले होते. बाबाओयो गावापुढचा पूल वाहून गेलाय, बस परत आली.

मामा, गप्प राहा म्हणाले होते ते विसरा. सोईलाबाईंना सांगा, चर्चमध्ये सांगा, बाजारात सांगा. माझ्या नावाने सांगा. कचेरीलाही मी कळवलंय, पण सणाआधी तिथून माणूस हलणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लाँड्री गेली तर जाऊ दे. प्रबंधही जाऊ दे.

आणि आईला. आई पाटाच्या सगळ्यात खालच्या टोकाला आहे. तिची विहीर यंदा आटली असणार. ती पाणी कुठून आणते, मामा? हा प्रश्न मी आधी का विचारला नाही?

नूबे


सान फर्मीन,
२० फेब्रुवारी १९९८

चि. नूबेस,

तुझं पत्र तीन दिवसांनी मिळालं, चिखलाने माखलेलं. वाचलं आणि तसाच समितीत गेलो.

मी सगळं सांगितलं. साखळी, कड्या, कोळंबीची पिल्लं. मध्येच कोणीतरी म्हणालं, "आबदोन शिंपी, मग त्या दिवशी पिऊन दाखवलंत ते काय होतं? दारू?" सगळे हसले. मी म्हटलं, चुकलो. सोईलाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "निळं होतं तेव्हा तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही. आता नितळ झालं तर म्हणतोस विष आहे. एक काय ते ठरव. डोळ्यांना चष्मा लाव, नाहीतर तोंडाला कुलूप." कोपऱ्यातून एक म्हातारा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तळ दिसे त्याची भीती न मनी," आणि मग तर खोली हसून हसून आडवी झाली. माझ्याच ओळी, माझ्याच अंगावर.

क्लेबेर भिंतीला टेकून उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, नूबे शिकली आहे म्हणून तिला सगळीकडे रोग दिसतात." पण त्याने त्याच्या बायकोला पाटावरचं पाणी आणायचं बंद करायला सांगितलं आहे, हे मला सुनेकडून कळलं. म्हणजे त्याला पटलं आहे. हेच मला जास्त भीतीचं वाटतं.

डेल्फिनाच्या कुंपणाशी तीनदा गेलो. पहिल्या दिवशी ती घरात गेली. दुसऱ्या दिवशी कुत्रं सोडलं. तिसऱ्या दिवशी मी ओरडून सांगितलं, "डेल्फिना, पाटाचं पाणी वापरू नकोस." ती खिडकीतून म्हणाली, "माझी झाडं मेली तेव्हा नाही आलास सांगायला." खिडकी लावून घेतली. पाणी कुठून आणते ते दिसलं नाही. अंगणात मोठा रांजण आहे, झाकलेला.

तुला एक लपवलं होतं. तो ग्लास लहान नव्हता आणि एकच नव्हता. त्या बैठकीनंतर आठवडाभर रोज सकाळी लोकांसमोर पीत होतो. कौतुक व्हायचं. आता उठलो की आधी लघवीचा रंग बघतो. तू म्हणालीस वर्षं लागतात, तरी बघतो. माझं वय झालं, मला वर्षं कुठली. पण ज्यांना आहेत ती सगळी पोरं सोमवारी पाटात उतरणार आहेत, पाणी तोंडात भरून एकमेकांवर चुळा टाकणार आहेत. आम्ही तसंच करायचो.

मला झोप नाही. काय करू ते लिही.

मामा


ग्वायाकिल,
२१ फेब्रुवारी १९९८

मामा,

रिगोबेर्तोचा भाऊ तुमचं पत्र घेऊन रातोरात मोटरसायकलने आला, तसाच डोंगराच्या वाटेने परत जातोय, त्याच्या हाती देते. पोचेल का माहीत नाही.

मला काही सुचत नाही. कोळंबीचं ते भांडं डोळ्यांपुढून जात नाही. पाणी निळं होतं तेव्हा कोणी त्याला बोट लावत नव्हतं. तो रंगच आपला पहारेकरी होता आणि मी त्याला घालवून दिलं.

काहीही करा. आईला वाचवा.

नूबे


सान फर्मीन,
२३ फेब्रुवारी १९९८, कार्निव्हलचा सोमवार

चि. नूबेस,

तुझी चिठ्ठी काल संध्याकाळी पोचली आणि तीच मला सुचवून गेली. तुला कळलंही नसेल.

आज उजाडता उजाडता लाँड्रीच्या कोठीची किल्ली घेतली. क्लेबेरच्या घरात सगळे झोपलेले, स्वयंपाकघरात सणाच्या कुई मसाला लावून टांगलेल्या. कोठीत रंगांचे डबे रांगेने. तू एकदा म्हणाली होतीस, साध्या जीनची नीळ त्यातल्या त्यात गरीब. म्हणून निळीचाच डबा उचलला. वरच्या दरडीवर, पाटाचं पाणी सोडायच्या दरवाजापाशी, जिथे तुझे आजोबा उभे राहायचे, तिथे गुडघ्यावर बसलो. पाट खाली इतका नितळ होता की एक पांढरा गोटा ओळखीचा वाटला. माझे हात चालेनात. नूबे, सगळं आयुष्य मी पुन्हा असा पाट बघायची वाट पाहिली होती.

डबा उपडा केला. काठीने ढवळलं, हातांनी ढवळलं. निळा साप खाली निघाला, आधी एक, मग पाटभर.

दहाच्या सुमारास गाव आलं. ढोल, पीठ, बादल्या, पोरांच्या अंगावर जुने कपडे. सोईलाबाई पुढे. आणि काठावर येऊन सगळे थांबले. ढोल वाजवणाऱ्याला मागून दिसत नव्हतं म्हणून तो एकटाच वाजवत राहिला, मग तोही थांबला. एक लहानगी रडायला लागली. कोणी उतरलं नाही. नूबे, एक पाऊलसुद्धा कोणी पाण्यात टाकलं नाही.

मग सगळे लाँड्रीकडे वळले. क्लेबेर पायऱ्यांवर उभा राहून शपथा घेत होता, "मी आज मशीन सुरूच केलं नाही." तोंडावर पीठ फेकलं त्याच्या, खेळायचं म्हणून नाही. मी गर्दीत मागे उभा होतो, हात खिशात. तो सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघत होता. माझ्या खिशांकडे. मी घरी आलो आणि दार लावून घेतलं.

हात साबणाने घासले, राखेने घासले. नखांत अजून निळं आहे. हे पत्र तसंच लिहितोय, कागदावर बोटांचे डाग पडताहेत. गाव चिडलेलं आहे, थोड्या वेळाने कोणीतरी येईलच. क्लेबेर येईल, नाहीतर समिती. आले तर येवोत. आता मला जे सांगायचं आहे ते माझे हातच सांगतील, निदान या वेळी तरी हसणार नाहीत. पाट रिकामा आहे, पोरं कोरडी आहेत. आज पहिल्यांदा छातीतला दगड जरा हलला.

दार वाजतंय.

हे लिहितच खिडकीशी आलो. क्लेबेर नाही. समिती नाही. माझा विश्वास बसत नाही, डेल्फिना आहे. तुझी आई. माझ्या अंगणात, सणाची लाल शाल, केसांत पीठ. काखेत मातीचा घडा, हातात भोपळ्याचा कटोरा. झाडं वाळल्यापासून या दगडावर तिचं पाऊल पडलं नव्हतं. हसतेय. दारातूनच बोलतेय, मी ऐकेन तसं लिहितो, माझा हात थांबत नाही:

"आबदोन, आहेस ना आत? चूल धुमसतेय, म्हणजे आहेस. चिचा आणलीये. मक्याची दारू, आई करायची तशी. आपल्या पोरीने पाटाला तळ आणला, मग म्हटलं मी कुठवर अढी धरून बसू. सकाळी कोणा मेल्याने पुन्हा निळं केलं, पण माझं काय बिघडलं? माझा रांजण आधीच भरलेला होता. तू कुंपणावरून काय ओरडायचं ते ओरड, दोन आठवडे पाटाचंच पाणी भरतेय, स्वयंपाकाला, प्यायला, ह्या चिचेला. अशी आंबली आहे म्हणून सांगू. चव घेऊन घेऊन निम्मी मीच संपवली."

तिने कटोरा तिरका करून उंबऱ्यावर धार सोडली. एक मोठा घोट प्यायली. हाताच्या पाठीने तोंड पुसलं. कटोरा दाराकडे धरलाय.

"दार उघड, दादा. पहिला घोट जमिनीला दिला, दुसरा मी घेतला. हा तुझा."